अर्जातलं एक क्रियापद

रियाधमध्ये आमचे हे बँकेत होते आणि मी घरीच. लग्नाआधी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर जवळच्या इस्पितळातल्या तीन बांगलादेशी नर्स दर शुक्रवारी दुपारी माझ्याकडे शिकायला येत. पेशंटचा रिपोर्ट त्यांना इंग्रजीत लिहावा लागे आणि क्रियापदांवरून बोलणी खावी लागत.

त्यांतली धाकटी हुशार, पण तिची एक चूक सुटत नसे. "पेशंट डझ नॉट ईट यस्टर्डे." मी वैतागायचे. शेवटी तिनेच मला मोडक्या हिंदीत समजावलं, "आपा, आमच्यात 'खाय' म्हणजे खातो. 'खाय नि' म्हणजे खाल्लं नाही. क्रियापद तेच राहतं." तेव्हापासून मी रागावणं सोडलं आणि तिच्याकडून 'डिड नॉट'ची वीस-वीस वाक्यं लिहून घेऊ लागले. तिच्या वाक्यांत नवरा असायचाच. तो कुवेतमध्ये बेकरीत कामाला होता. "माय हसबंड डिड नॉट राइट." बाकीच्या दोघी हसायच्या.

ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. फोन बंद, पत्रं बंद. सप्टेंबरात एका शुक्रवारी ती एकटीच आली, नवऱ्याचा शोध घ्यावा म्हणून वकिलातीला द्यायचा अर्ज स्वतः लिहून. पहिलंच वाक्य, "माय हसबंड वर्क्स इन कुवेत." मी सवयीने लाल पेन उचललं. तिथली दुकानं लुटली असं रेडिओवर ऐकलं होतं. नोकरी कुठली उरलीय आता? मी 'वर्क्स' खोडून वर 'वर्क्ड' लिहिलं.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपा, तो गेला असं कळलंय का तुम्हाला?"

"नाही गं! मी नोकरीबद्दल..." तो कागद फाडून मी नवा अर्ज लिहून दिला, 'वर्क्स' तसंच ठेवून.

जानेवारीत युद्ध पेटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, नर्सांच्या सुट्ट्या रद्द झाल्या, शिकवणी थांबली.

युद्ध संपल्यावर ती आली ती निरोप घ्यायला. जॉर्डनच्या वाटेवर वाळवंटात तिच्या नवऱ्याला ताप भरला होता. सोबत्यांनी त्याला तिथेच पुरलं. सोबत्याचं पत्र ऑक्टोबरातच तिच्या सासरी पोचलं होतं. परमुलखात एकटी आहे, कशी सोसेल, म्हणून त्यांनी तिला कळवलंच नाही.

"मी त्याला पत्रं लिहीत होते, आपा," ती म्हणाली. "सासऱ्यांकडे पाठवत होते, पुढे पोचवा म्हणून. ते ठेवून घेत होते."

मी तिला जवळ घेतलं. त्या लाल पेनाची माफी मागायची होती, पण तो विषय काढायचा धीर झाला नाही. तिने माझ्याकडे जेवून घेतलं, ताट स्वतः घासलं आणि इस्पितळाच्या बसची वेळ झाली म्हणून उठली.