नट परत बसवणारा चोर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. नोकरीतले खून-दरोडे आता आठवायचे म्हटले तरी एकमेकांत मिसळतात. पण त्या एका रविवारची घटना जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, आणि ती आठवली की मी आजही एकटाच हसत बसतो. बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "मशीन सापडलं."

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. माझ्या ठाण्याच्या हद्दीत जुन्या औद्योगिक वसाहतीचा बराच भाग यायचा. नवे कारखाने शेंद्र्याकडे गेले आणि आमच्याकडे उरल्या वेड्या बाभळी, फुटक्या काचा आणि गंजलेली गेटं. बंद कारखाना म्हणजे ठाणे प्रमुखाच्या डोक्याला कायमचा ताप. आज केबल गेली, उद्या खिडकीची चौकट गेली. एका ठिकाणी तर चोरांनी अख्खं गेट नेलं आणि कुलूप तेवढं वॉचमनच्या खाटेवर ठेवलं. आता सांगा, अशा फिर्यादीचा तपास करायचा की आधी हसून घ्यायचं?

अशाच एका बंद कंपनीचा मॅनेजर शनिवारी ठाण्यात आला. राहायला पुण्यात, वर्षातून एकदा इकडे फेरी. हातात मशीनांची यादी. यादीतली चार मशीनं जागेवर नव्हती: दोन लेथ, एक ड्रिल आणि एक शेपर.

"लेथ म्हणजे काय पाकीट आहे का साहेब, खिशात घालून न्यायला? आतल्या माणसाशिवाय हे होत नाही," तो म्हणाला.

खरं सांगतो, मलाही ते पटलं. ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहून घेतली, गुन्हा दाखल झाला, जागेचा पंचनामा झाला. आतला माणूस एकच होता, वॉचमन. साठीच्या जवळ आलेला, देवगाव रंगारीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. कळप विकून शहरात आलेला. गेटजवळच्या खोलीत बायको आणि मुलीसह बारा वर्षं राहत होता. सगळी वसाहत त्याला मामा म्हणायची.

यात एक पेच होता. मामाच्या मुलीची पोलीस भरतीत निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला होता. एकाच टेबलावर डाव्या हाताला पोरीचा कागद, उजव्या हाताला बापावरच्या संशयाचा. बापाचा गुन्हा पोरीला चिकटावा असं कायदा म्हणत नाही. पण बाप चोरीत आत आहे हे एकदा कागदावर आलं की ते कुठे कुठे आडवं येतं, हे मी पुरतं पाहिलेलं होतं.

त्यातच आमच्या खबऱ्यानं भर घातली. कंपनीसमोर त्याची चहाची टपरी. म्हणाला, "साहेब, पहाऱ्याला मामा एकटाच. मग दर रविवारी अकरा वाजता आत सात चहा कुणाला जातात?"

झालं! टोळी आहे, माझी खात्री पटली. रविवारी सकाळीच मामाला चौकशीसाठी बोलावून घेतलं, म्हणजे तो साथीदारांना सावध करणार नाही. मी विचारलं, "मामा, सात चहा कुणाला?"

मामा खाली बघत म्हणाला, "साहेब, चोरी झालीच नाय."

"मग मशीनं कुठं गेली? मेंढरांनी खाल्ली?"

"चोरी झालीच नाय," पुन्हा तेच. तासभर मी समजावलं, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. माणूस ढिम्म हलेना. चौकशीत खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा तर बोलतच नव्हता. तिथेच मी थबकायला हवं होतं, पण डोक्यात टोळी बसलेली.

मग मुलगी आली. भरतीच्या मैदानावर धावून धावून काटक झालेली, डोळे रडून लाल, पण मान ताठ.

"साहेब, माझा कागद तुमच्या टेबलावर हाय म्हणून मी आले नाय. तो फाडायचा तर फाडा. पण आमच्या बापूनं बारा वर्षांत त्या कंपनीतला एक खिळा घरात आणला नाय. आमच्या दाराची कडी तुटली तर सुतळीनं बांधलीय. लोखंडाच्या ढिगात राहून! येऊन बघा."

"पोरी, तू घरी जा," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला.

मी हातानंच तिला घरी जायची खूण केली. पण कंपनीवर सापळा लावायला निघालो तेव्हा गेटजवळच्या खोलीचं दार आधी पाहिलं. कडीला सुतळी होती. मनाला बारीक खडा टोचला.

बरोबर एक हवालदार आणि दोन शिपाई होते. दहा वाजले होते, टोळीला यायला अवकाश होता, म्हणून शेडमध्ये गेलो. वरचा निम्मा पत्रा वादळात उडालेला, खाली डबकी. जिथून मशीनं गेली तिथे जमिनीत पक्के केलेले बोल्ट तेवढे उभे होते. पंचनाम्यात आम्ही लिहिलं होतं, 'बोल्ट जागेवर'. बस. हवालदार मात्र खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे, कंबर धरली का?"

"साहेब, हे बघा. प्रत्येक बोल्टला ग्रीस लावलंय. वायसर घालून नट परत चढवलाय. वरून फडकं गुंडाळलंय."

"मग?"

"मी पोलिसात यायच्या आधी आयटीआयला फिटर होतो. मशीन उचललं की ज्याचा नट त्याच्याच बोल्टवर चढवायचा. विसरलं की आमचे सर पट्टीनं सडकायचे. म्हणायचे, मशीन परत बसवशील तेव्हा नट काय सासऱ्याकडून आणशील? साहेब, चोर कशाला नट चढवेल? त्याला कुठं मशीन परत आणायचंय!"

तीस वर्षांच्या नोकरीत माझी अक्कल एका नटानं काढली. ज्यानं ही मशीनं हलवली, त्याला ती परत जागेवर बसवायची होती. म्हणजे ती जवळच कुठेतरी असणार.

मग डोळे उघडले. फरशीवर पाइप घरंगळल्याचे ओरखडे होते. ते शेजारच्या कॅन्टीनपर्यंत जात होते. कॅन्टीनच्या दाराला गंजलेलं कुलूप, त्यावर कोळ्याचं जाळं. काल तेच बघून आम्ही मागे फिरलो होतो. हवालदारानं बिजागऱ्यांवर बोट फिरवलं, तर ताजं तेल! दोन्ही बाजूंच्या पिना वर उपसल्या आणि कुलूपबंद दार अख्खंच्या अख्खं बाजूला केलं.

आत चारही मशीनं ताडपत्रीखाली ओळीनं उभी होती. पुसलेली, तेल दिलेली. फरशी आरशासारखी स्वच्छ.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हवालदार पुटपुटला. मी त्याला गप्प बसवलं नाही.

आम्ही आतच थांबलो. अकराला मागच्या पडक्या भिंतीतून टोळी आली. सहा म्हातारे! कुणाच्या हातात खराटा, कुणाकडे तेलाची बुधली. सगळ्यांत पुढे सत्तरीचे एक चाचा, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. दारात खाकी वर्दी बघून बाकीचे जागीच थिजले. चाचांनी मात्र आधी आमच्या पायांकडे पाहिलं.

"साब, पहले जूते बाहर उतारो. मशीनां हैं अंदर."

आणि काय सांगू, मी बूट काढले! पोलीस निरीक्षक मोज्यांवर उभा, मागे हवालदार, त्याच्या मागे दोन शिपाई. असा सापळा महाराष्ट्र पोलीस दलात दुसरा झाला नसेल.

मग चाचांनी सगळं सांगितलं. हे सहाही जण याच कंपनीचे जुने कामगार. चाचा टर्नर. कंपनी बंद पडली तरी दर खंडेनवमीला मामा त्यांना आत सोडायचा, मशीनांची पूजा करायला. "नारळ हे लोक फोडतात, तेल मी घालतो," चाचा म्हणाले. गेल्या वर्षी पूजेला आले तर पत्रा उडालेला आणि लेथवर पाणी ठिबकत होतं. मामानं मॅनेजरला तीनदा कळवलं, उत्तर नाही. शेवटी म्हातारेच कामाला जुंपले. पहारी घेऊन, पाइपांवरून सरकवत, दर रविवारी थोडं थोडं, चार मशीनं त्यांनी कोरड्यात आणली.

"आता खंडेनवमी जवळ आली, म्हणून धुवायला आलो. मामा कुठं आहे?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. चाचांचा चेहरा पडला. "हमारे वास्ते? चलो रे, गाडीत बसा सगळे!" आम्ही नेण्याआधीच सहाही जण जीपमध्ये चढले. एवढ्या उत्साहानं पोलिसांच्या गाडीत बसणारी माणसं मी नंतर कधी पाहिली नाहीत.

त्यांना ठाण्यात येताना बघून मामा उभा राहिला आणि चक्क चिडला. "तुमाला कुणी यायला सांगितलं? म्या बोललो का काही?"

मी विचारलं, "मामा, एका शब्दात सुटला असतात. का नाही सांगितलंत?"

"साहेब, ही माणसं त्या गेटातून पंचवीस वर्षं ताठ मानेनं आत गेलेली. म्हातारपणी पोलिसांच्या गाडीत बसलेली मला बघवली नसती."

"अरे, बसून आलो की! लई मजा आली!" चाचा म्हणाले, आणि सगळं ठाणं हसलं. मुलगी हसता हसता बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मलाही भरून आलं, ते लपवायला मी उगाच स्टेशन डायरी उघडली.

मॅनेजरला बोलावून कॅन्टीन दाखवलं. शेडमध्ये राहिलेली मशीनं गंजून गेली होती, ही चार नव्यासारखी. त्यानं यादी घडी करून खिशात घातली आणि मामाचा हात हातात घेऊन म्हणाला, "चुकलं माझं." चोरी झालीच नाही, असा अहवाल आम्ही कोर्टात पाठवला. पुढे शेंद्र्याच्या एका कारखानदारानं ती मशीनं घेतली, आणि लेथ सुरू करायला चाचांनाच बोलावलं. त्या दिवशी ते नवा चष्मा घालून गेले, असं मामाकडून कळलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. आम्ही पोलीस काय गेलं ते मोजतो, काय जपलं गेलं ते बघायची सवयच आम्हाला नसते. मामा पहिल्या वाक्यात खरं बोलला होता. मी ते ऐकलं नाही, कारण प्रत्येक आरोपी तेच म्हणतो असं मी धरून चाललो होतो. त्यानंतर कुणी गप्प बसला की मी आवाज चढवण्याआधी विचार करायचो, हा कुणाला वाचवत असेल?

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी मुलीच्या पडताळणीचा कागद हातात घेतला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वर्तणूक चांगली'. तिथे याहून मोठा शब्द लिहायची पद्धत नाही, नाहीतर लिहिला असता.