मुशीच्या तेलाची गाडी

आमच्या अंगणात कुठलीही लोखंडी वस्तू फार दिवस लोखंड राहत नाही. फाटकाची कडी, बादलीचा कान, टाकीचा नळ, सगळ्यांना खारा वारा खातो. घर तारापूरच्या पुढे, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मी मूळचा सांगलीकडचा. तिकडे माझ्या काकांची मोटारसायकल वीस वर्षं झाली तरी ठणठणीत आहे, कारण धुळीशिवाय तिला शत्रू नाही. इथे मी शंभर सीसीची साधी गाडी घेतली आणि वर्ष सरायच्या आत सायलेन्सरवर तांबूस पुरळ उठलं. बोईसरचा माझा मेकॅनिक उत्तरेकडचा. तो म्हणाला, समंदर के पास रहोगे तो यही होगा. म्हणजे गाडी वाचवायची तर घर बदला. आणि घर तर माझं नव्हतंच, सासऱ्यांचं होतं.

होय, मी घरजावई आहे. गावाकडचे मित्र यावरून जे बोलायचं ते बोलून दमले आहेत. मी एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर, बायको तिथेच पॅकिंगला. लग्नानंतर आम्ही बेटेगावात एका खोलीत राहत होतो. सासूबाई गेल्या, त्यानंतर सासऱ्यांनी होडी विकली आणि ते घरात एकटेच उरले. बायको त्यांची एकुलती एक. तिनं मला विचारलं नाही, नुसती कपड्यांची बॅग भरायला घेतली. मीही माझे कपडे तिच्याच बॅगेत टाकले. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणू लागलो. त्यांना ते सुरुवातीला विचित्र वाटायचं, पण चाललं.

होडी विकलेल्या माणसाला सकाळ फार मोठी असते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मामा पहाटे उठून किनाऱ्यावर जात, दुसऱ्यांच्या बोटी लागलेल्या बघत, कुणाचं फाटलेलं जाळं तुणून देत आणि आठ वाजायच्या आत घरी येऊन बसत. पुढचा सगळा दिवस त्यांच्या अंगावर यायचा. अशात त्यांची नजर माझ्या गाडीच्या सायलेन्सरवर पडली. त्यांनी बोटानं गंज खरवडून बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू पोटच्या पोराला मी उपाशी ठेवलंय. "हिला काय लावतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, महिन्यातून एकदा पाण्यानं धुतो. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी चकाकत होती आणि तिला वास येत होता. असा तसा नाही. मामांच्या माळ्यावर मुशीच्या तेलाचा एक डबा होता. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या कलेजीचं तेल काढून पूर्वी लाकडी होड्यांना चोपडत, म्हणजे लाकूड खारं पाणी पीत नाही. आता बोटी फायबरच्या झाल्या, तेलाला कुणी विचारत नाही. मामांनी मात्र डबा जपून ठेवला होता, आणि तो उघडायला माझ्या गाडीचं निमित्त मिळालं.

तेलाचा गुण यायचा तो आलाच. चार महिन्यांत गंजाचा ठिपका नाही. पण कारखान्याच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती मांजरांचं संमेलन भरू लागलं. एक बोका तर शिफ्टभर सीटवरच झोपायचा, आणि मी आलो की मलाच परका समजून गुरगुरायचा. सोबतचे विचारायचे, आज काय आणलंय, पापलेट की बोंबील? शेवटी वॉचमननं हात जोडून मला गाडी लांब, भंगाराच्या बाजूला लावायला सांगितलं. मी घरी येऊन बायकोवर चिडलो की तुझ्या वडिलांना सांग. ती म्हणाली, तुझी गाडी, तुझे मामा, तूच सांग.

मी सांगितलं नाही. कारण माझी पहिली शिफ्ट असली की पहाटे मामा गाडी अंगणातून काढून, पुसून, तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवत. एका हातात जुनी बनियन, दुसऱ्यात तेलाची वाटी. मी किक मारली की कान देऊन ऐकत, आणि आवाज बरोबर लागला की मान हलवत. त्या दोन मिनिटांत ते पुन्हा कामावरचे माणूस असत. त्यापुढे माशाचा वास म्हणजे काहीच नव्हतं. आभार मात्र मी एकदाही मानले नाहीत, याची मला आज लाज वाटते.

मग ब्रेक ओरडायला लागला. मागचा. दाबला की चर्रर्र असा आवाज, गल्लीतली कुत्री उठून बसायची. एका संध्याकाळी चप्पल काढता काढता मी सहज म्हणालो, मामा, ब्रेक फार ओरडतोय हो. एवढंच. दुरुस्त करा असं म्हणालो नाही, करू नका असंही नाही. पण होडीवर जन्म गेलेल्या माणसाला एकच ठाऊक, जे कुरकुरतं त्याला तेल द्यायचं. वल्ह्याची कडी असो, कप्पी असो, घराचं दार असो. ब्रेक ही जगातली एकच वस्तू असेल जी कोरडी राहिली तरच कामाची, हे त्यांना कुणी सांगावं? मी सांगायला हवं होतं.

सकाळी गाडी गपगार. मी खूश. वाटेत पास्थळ गावाच्या अलीकडे पुढचा टँकर हळू झाला, मी पायानं ब्रेक दाबला आणि गाडीनं ऐकलंच नाही. जरासुद्धा नाही. घाबरून हाताचा ब्रेक आवळला, पुढचं चाक रेतीवरून घसरलं आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन आडवा झालो. टँकर आपल्या वाटेनं निघून गेला. गुडघे सोलले, डावं मनगट मोडलं. देवाची कृपा म्हणायची, कारण मागून दुसरा ट्रक नव्हता. हाताला सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं.

चौथ्या दिवशी एका सोबत्याला घेऊन मी गॅरेजवर गेलो. मेकॅनिकनं मागचं चाक खोलून ठेवलं होतं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या दोन चंद्रकोरी पट्ट्या, तेलानं निथळत होते. त्यानं एक नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "भाईसाब, ये तो मछली है," तो म्हणाला. नवे लायनर टाकून जुने त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलला लटकवले, घरी दाखवा म्हणून.

सोबत्यानं गाडी अंगणात आणून लावली, पण मी घरी दाखवणार नव्हतो. बायकोला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग आम्ही ठरवलं की मामांना काही कळू द्यायचं नाही. टँकर अचानक हळू झाला, रस्त्यावर रेती होती, संपलं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, फक्त निम्मं गाळलं होतं. आमचं ठरलं, आणि पिशवी तशीच हँडलला राहिली. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

बाहेर आलो तर मामा गाडीपाशी उकिडवे बसले होते. हातात लायनर. त्यांनी तो नाकाशी नेला, पुन्हा नेला. ज्या तेलात आयुष्य गेलं त्याचा वास ओळखायला त्यांना मेकॅनिक लागणार नव्हता. मी काहीतरी बोलायला लागलो, टँकरचं. त्यांनी मान वर केली नाही. लायनर पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि ते आत गेले. संध्याकाळी तेलाचा डबा माळ्यावर नव्हता. खाडीत टाकला की पुरला, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण मामांनी हळूहळू सगळ्यालाच हात लावायचं सोडलं. जाळी तुणायला कुणी बोलावलं तर डोळ्याला दिसत नाही म्हणायचे. दिसत होतं चांगलं. गॅस पेटवायचा तर मुलीला हाक मारायचे. पाण्याची मोटर चालू करू का, असं मला विचारायचे, स्वतःच्या घरात. एकदा माझ्यासाठी चहाचा कप आणताना थोडा सांडला, तर किती तरी वेळ हाताकडे बघत राहिले. मला भीती वाटू लागली. माझं मनगट सहा आठवड्यांत जुळणार होतं. त्यांचं काय मोडलंय आणि ते कशानं जुळणार, हे मला कळत नव्हतं.

गाडी अंगणात उभी. सायलेन्सरवर पुन्हा पुरळ आलं, चेन तांबडी झाली. मी युक्त्या केल्या. मामांना ऐकू जाईल असं म्हणायचो, गाडीची पार रया गेली. ते खाडीकडे बघत बसायचे. चेनला साधं ग्रीस आणून कट्ट्यावर ठेवलं. त्याला मुंग्या लागल्या, पण मामांचा हात लागला नाही. बायको म्हणाली, सोड आता, वय झालं त्यांचं. वय वगैरे काही झालं नव्हतं. मागच्या महिन्यापर्यंत हा माणूस ओल्या दोरखंडाला एका हातानं पीळ देत होता.

प्लॅस्टर निघालं त्या सकाळी माझा संयमही निघाला. मुळात तो माझ्याकडे थोडाच. मी सरळ मामांसमोर जाऊन बसलो आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. ब्रेक ओरडतो हे तुम्हाला मी सांगितलं. त्यात तेल घालत नाहीत हेही मीच सांगायला हवं होतं. चूक वाटून घ्यायची तर निम्मी मला द्या, सगळी एकट्यानं घेऊन का बसलात?

 मामा म्हणाले, "तेलाचं नाय रे. तेल चुकतं. मानूस हाय, चुकनार."

मग कशाचं, मी विचारलं.

"आमच्यात कायदा हाय. ज्यानं होडीच्या फटी भरल्या, तेल लावलं, त्यानं पयल्या फेरीला होडीत बसायचं. पानी आत आलं तं त्याच्या बी पायाखाली यायला पायजे. माझा बाप बसला, मी बसलो. तुझ्या गाडीला मी तेल लावलं नि घरी चा पीत बसलो. तू एकटा गेलास."

 सहा आठवडे मी धरून चाललो होतो की त्यांना तेलाची चूक खातेय, आणि त्यांच्या मनात तेल नव्हतंच. त्यांना लागलं होतं ते माझं एकट्याचं पडणं. माझे वडील मी लहान असताना गेले. मी पडलो तर आपणही पडायला हवं होतं, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मी पाना आणला. म्हटलं, मामा, चाक खोलू या, आत काय असतं ते तुम्हाला दाखवतो. मलाही मेकॅनिककडे बघितलं तेवढंच येत होतं. त्यात डाव्या हातात जोर नाही, त्यामुळे नट त्यांनीच सोडवले. लायनर कसा घासतो, ओला झाला की काय होतं, हे मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज नुसत्या धुळीनंही येतो म्हटल्यावर त्यांनी ती फडक्यानं कणन्‌कण पुसली आणि लायनरवर हलका पॉलिश पेपर मारला. चाक बसवायच्या आधी साबणानं तीनदा हात धुतले आणि वास घेऊन बघितला. चेनला मात्र ग्रीस लावलं, मुंग्या काढून.

चाक बसलं. मामा आत गेले आणि स्वच्छ सदरा घालून, टोपी घालून बाहेर आले. मी किक मारली. ते एक हात माझ्या खांद्यावर टेकून मागे बसले, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, होडीच्या काठावर बसतात तसे. मी म्हटलं, असं नका बसू, पडाल. मग कुरकुरत पाय दोन्ही बाजूंना टाकले. बायको दारात आली आणि घाबरीच झाली. याचा हात आज सुटलाय, तुमचं वय काय, काही झालं तर मी कुणाकडे बघू, असं ती एका दमात बोलली.

मामा तिला म्हणाले, "पडलो तं दोघं पडू. आता तो एकटा नाय पडनार."

ती दाराला धरून उभी राहिली, पण पुन्हा थांबा म्हणाली नाही. मी गाडी हळूहळू काढली. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो, तिथून बोईसरच्या दिशेनं. मामांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती आणि त्यांचा श्वास कानामागे ऐकू येत होता. पास्थळच्या अलीकडे, मी पडलो होतो तिथे, ते म्हणाले, दाब. मी पाय दाबला. गाडी मुकाट्यानं, सरळ उभी राहिली. त्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही, आणि मीही लगेच गिअर टाकला नाही.