टॉपची वायर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गुरुपुढं कुणी ट्रान्स नावाच्या त्या विलायती म्युझिकचा विषय काढला की संपलंच. चहा गार व्हायचा, बायको दोनदा हाक मारून जायची आणि समोरचा माणूस 'व्हय की, व्हय की' करत पायानं चपला चाचपायला लागायचा. गुरु हटायचा नाही. "मेलं बे ते म्युझिक," म्हणायचा, "मारलं त्याला ह्या नव्या लोकांनी." आणि म्हणताना डोळे असे भरून यायचे, की घरातलंच कुणी गेलंय असं वाटावं.

आता टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे खूळ लागलं कुठून? तर मागापासूनच. माग दिवसभर एका ठोक्यात चालतो. त्याला शब्द नाहीत, कडवं नाही. ऐन विशीतल्या गुरुला त्या ठोक्याच्या वर काहीतरी बारीक, चढत जाणारं ऐकू यायचं, मनातल्या मनात. मग पुण्याहून आलेल्या मामेभावानं एक सीडी दिली. तिच्यात खाली तोच ठोका आणि वर तेच बारीक सूर, हळूहळू चढत जाणारे. मधेच ठोका बंद पडायचा, जीव टांगणीला लागायचा आणि मग सगळं मिळून अंगावर यायचं. "यप्पा!" गुरु ओरडला होता. "माझ्या डोक्यातलं ह्यांना कुणी सांगितलं?"

तेव्हापासून दिवसा माग आणि माग सुटला की शिवूचा साउंड. शिवू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे स्पीकरचे खोके वरातीला, मिरवणुकीला जायचे आणि मिक्सरवर बसायचा गुरु. लोकांना हवी ती गाणी वाजवायचा, आणि वरात रंगात आली की मधेच आपलं एखादं ट्रान्स सोडून द्यायचा. कुणाला पत्ताही लागायचा नाही. नवरदेवाचा चुलता टोपी सावरत नाचायचा, करवल्या नाचायच्या. गुरु मिक्सरमागं डोळे मिटून उभा. त्या वेळी त्याच्याइतका सुखी माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल!

एक रिवाज मात्र त्यानं पाडलेला. साउंडच्या सगळ्यात वरच्या रांगेत बारीक आवाजाचे खोके असतात, त्यांना टॉप म्हणतात. झांजेची किणकिण, बासरीची फुंकर, ट्रान्सचे ते चढते सूर, सगळं तिथून येतं. त्या टॉपची वायर गुरुशिवाय कुणी जोडायची नाही. खालचे खोके कुणीही जोडा, बापडे धडधडतील. टॉपची वायर गुरु स्वतः जोडणार आणि आवाज लावून, वर चढून, खोक्याला कान टेकवून ऐकणार. "हा नाजूक कारभार हाय बे," म्हणायचा. एकदा शिवूनं घाईत हात लावला होता, तर गुरु जेवला नव्हता.

असं सगळं झकास चाललेलं. मग हळूहळू ट्रान्स बिघडलं. निदान गुरुला तसं वाटायला लागलं. नवीन गाणं लावलं की त्याला ते मळकट वाटायचं, सगळ्यावर घोंगडं टाकल्यागत. ठोका आहे, पण वरची ती चमक कुठं गेली? मोबाईलवर नवीन गाणं आलं की हा खाली लिहायचा, ह्यात जीव नाही, जुनं ऐका, शिका जरा. जगभरातली माणसं तिथं भांडायची आणि त्यांत आपला भवानी पेठेतला गुरु, मोडक्या इंग्रजीत, जीव तोडून. एकदा कुणीतरी मराठीतच उत्तर दिलं, "काका, गाणं म्हातारं झालं नाही, तुम्ही झालात." गुरुनं फोन आपटला. रागापेक्षा त्याला भीती जास्त वाटली होती, पण ती सांगणार कुणाला? एवढी एकच गोष्ट आयुष्यात मनापासून आवडली, आणि तीच डोळ्यांदेखत चालली होती.

घरी बायकोला, चंद्रिकाला वेगळंच दिसत होतं. एकदा ती शेजारी गेली असताना कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि हा बाबा गॅसपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होता. "अय्यो, ऐकू येत न्हाय का तुमाला?"

"ध्यान नव्हतं."

"कान दाखवून घ्या म्हनते मी. त्या मागानं न्हायतर त्या धडामधुडुमनं गेलेत बगा."

"माझे कान?" गुरु हसला. "अगं, अख्ख्या सोलापूरचा साउंड ह्या कानावर चाललाय!"

ती करपलेला कुकर घासायला घेऊन गेली. पण हल्ली वरातीतल्या बायका कानावर पदर धरायच्या, हे शिवूलाही दिसत होतं. गुरु टॉपची नॉब वर वर नेतच होता. आवाज असा टोचायचा, की नाचणारी माणसं मागं सरकायची. शिवूनं हळू सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी मैंदर्गीची वरात ठरली, तेव्हा तोंडावर म्हणाला, "गुऱ्या, ह्या वेळी मी दुसरा माणूस बसवायलोय. वाईट वाटून घेऊ नको."

मैंदर्गी म्हणजे चंद्रिकाचं माहेर! तिथं शिवूचा साउंड जाणार, आणि मिक्सरवर दुसरा? गुरु हातापाया पडायचाच बाकी राहिला. "एकदा ऐक माझं. माझं जुनं ट्रान्स लाव, नवं लाव, दोन्ही शेजारी शेजारी ऐक. बिघाड माझ्यात हाय का म्युझिकमध्ये, तूच सांग. मग काय ते कर." शिवूला नाही म्हणवेना.

वरातीच्या दिवशी सकाळीच गुरु चंद्रिकाला घेऊन शिवूच्या गोदामात आला. माहेरी जायचं म्हणून ती नवं लुगडं नेसलेली. शिवूनं खोके अंगणात रचून ठेवले होते, खालच्या वायरी जोडल्या होत्या. आल्या आल्या त्यानं ती जुनी सीडी मिक्सरवर लावली. ऐकायची घाई, सिद्ध करायची घाई. ठोका सुरू झाला, अंगणातला पत्रा थरथरायला लागला.

आणि मग गुरुचा चेहरा बदलला. डोळे मिटले. हात हळूहळू वर जायला लागला, बोटं हवेत एकेक सूर धरायला लागली. ठोका थांबला, तसा तो श्वास धरून थांबला. परत सुरू झाला, तशी त्याच्या गालावरून आसवं वाहायला लागली. "ऐक बे!" तो ओरडला. "ही चमक ऐक! हे बारीक, हे वर चढायलंय, ऐक! असलं आता कोण करतंय सांग मला!"

शिवू हलला नाही. चंद्रिका एकदा त्याच्याकडं, एकदा खोक्यांकडं बघत राहिली. अंगणात नुसता ठोका घुमत होता. दुसरं काही नव्हतं.

गुरुनं डोळे उघडले. "काय झालं? असं का बघायलास?"

शिवूनं बोट दाखवलं. वरच्या रांगेतून टॉपची वायर मोकळी लोंबत होती. रिवाजाप्रमाणे कुणी जोडली नव्हती, आणि ज्यानं जोडायची तो घाईत विसरला होता.

गुरु त्या वायरीकडं बघत राहिला. मग तो वर चढला, वायर जोडली आणि नेहमीसारखा खोक्याला कान टेकवला. खाली चंद्रिकानं दचकून कानावर हात ठेवले. शिवूनं तोंड वाकडं केलं. गुरुला मघाशी ऐकलं होतं तेच ऐकू येत होतं, तसूभर जास्त नाही. एवढी वर्षं तो हे गाणं आठवणीनंच ऐकत होता, हे त्याला त्या दोघांच्या तोंडाकडं बघून कळलं.

खाली उतरून त्यानं टॉपची नॉब कमी केली. "आता?" त्यानं शिवूला विचारलं. "अजून जरा," शिवू म्हणाला. अजून कमी केली. चंद्रिकाचे हात खाली आले, तसा तो थांबला. मग म्हणाला, "शिवू, आता नवं लाव. मी ज्याला शिव्या घालतो ते."

शिवूनं लावलं. गुरुनं ऐकलंच नाही, तो बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

"चंद्रिका, खरं सांग. ह्याच्यात बी बारीक हाय का, वरचं?"

ती कावरीबावरी झाली. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं असणार, पण त्याचे डोळे बघून तिला जमेना. "हाय की," ती म्हणाली. "तसंच हाय. पैंजणागत. वर चढत चाललंय."

"त्या जुन्याएवढं?"

"तेवढंच की वो."

गुरुनं मान हलवली. ज्यांच्याशी भांडला ती सगळी माणसं त्याला एकदम आठवली असतील, कुणास ठाऊक. त्यानं तिचा हात घट्ट धरला, बुडणारा माणूस धरतो तसा. "मग दोन्हीत चांगलं कुठलं? जुनं का नवं? एवढं सांग. एवढं एकच सांग मला."

चंद्रिकाचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत तिला त्या आवाजाचा नुसता वैतागच आलेला. तिनं खरंच कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, शिवूनं परत जुनं लावलं, परत नवं लावलं.

"मला काय कळतंय वो त्यातलं," ती म्हणाली.

शिवूनं गाणं बंद केलं आणि तो वायरी गुंडाळायला लागला, मैंदर्गीला निघायचं होतं.