बस्ता एकेचाळीस, पान एकशे बारा

जुन्या कागदाला हात लावण्याआधी रोशनी हात धुऊन, पुसून, कोरडे करून घेत असे. ही सवय मावशीची. इंदूबाई धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आया होत्या आणि मनीषनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोशनी एम.ए.साठी राहत होती. "आमी जखमेले हात लावाच्या आंधी धुतो, तू कागदाले. त्याईले का जंतू होते का वं?" मावशी चिडवत.

विषय जागतिक व युरोपीय इतिहास. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे कशी वळली, यावर तिचा लघुप्रबंध होता. या विषयावर विभागात आजवर झालेल्या लेखनात एक वाक्य हटकून असे. कापूस-व्यापाऱ्यांनी १८६३ साली सरकारला केलेल्या अर्जातले, 'मँचेस्टरची भूक आमच्या शेतात येऊन बसली आहे.' खाली तळटीप: बस्ता ४१, पान ११२. ते प्रथम अवतरले तिचे मार्गदर्शक डॉ. गिरिधर यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधात. मागच्या सत्रातल्या निबंधात रोशनीनेही ते वापरले होते आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. लघुप्रबंध लिहिताना मात्र तिला वाटले, मूळ अर्ज एकदा डोळ्यांनी पाहावा.

अभिलेखागारातले जुने कर्मचारी केशवकाका यांनी कापडात बांधलेला बस्ता टेबलावर ठेवला. कापडाची गाठ सुटता सुटेना. आत पुलांच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार होता आणि पाने होती चौऱ्याहत्तर. क्रमांकाची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने चौदा, चाळीस, बेचाळीस हे बस्तेही मागवले, सूची ओळीओळीने तपासली. आठवडा गेला. अर्ज कुठेच नव्हता.

"काका, हा बस्ता याआधी कोणी मागवला होता?"

केशवकाकांनी मागणीच्या जुन्या वह्या काढून दाखवल्या. "सव्वीस वर्षं झाली मले इथं. हा तुह्यासाठीच पहिल्यांदा खाली उतरला, पोरी."

गिरिधर सरांचा प्रबंध सतरा वर्षांपूर्वीचा होता.

विभागाच्या कपाटातून तिने या विषयाचे अकरा लघुप्रबंध काढले. नऊ जणांनी ते वाक्य घेतले होते आणि नवांपैकी एकानेही बस्ता सोडला नव्हता. नऊ जणांनी उष्टावलेल्या ताटात आपणही जिभल्या चाटत जेवलो, असे तिला वाटले. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

ती गिरिधर सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते चहा फुंकत होते. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "अवं बाई, तू इतिहास शिकून राहिली का पंचनामा करून राहिली? परीक्षक का बस्ता सोडाले येऊन राहिले?"

"तुम्ही तो अर्ज पाहिला होता का, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या काळात सर्वच एकमेकाच्या नोंदी वापरत. ते वाक्य राहू दे, अन् तुझी शंका तुझ्यापाशी ठेव. नाही तर सही भेटणार नाही. वर्ष तुझं जाईल, माझं नाही."

सहीशिवाय लघुप्रबंध जमा होत नसे. वर्ष गेले की पुढे संशोधनाला प्रवेश घेण्याचा विचारही गेला. तीन दिवस तिने विचारात घालवले. शेवटी ते वाक्य वगळले आणि तळटीपेत, कुणाचेही नाव न घेता, एवढेच लिहिले: 'अनेकांनी उद्धृत केलेला अर्ज सदर बस्त्यात आढळला नाही, बस्ता चौऱ्याहत्तर पानांचा आहे.' आश्चर्य म्हणजे सरांनी निमूट सही केली. "बायंडिंगला संघपालच्या दुकानात टाक. प्रती मीच मागवून घेतो," एवढेच ते म्हणाले. सरांना पटले असावे, असे ती धरून चालली. कागदाच्या बाबतीत टाकून दिलेला भाबडेपणा तिने माणसाच्या बाबतीत केला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना विद्यार्थ्यांनी झणझणीत सावजी जेवण घालायचे, अशी विभागाची रीत होती. डबे टेबलावर आणि लघुप्रबंधही त्याच टेबलावर. परीक्षक उजव्या हाताने रस्सा ओरपत होते आणि डाव्या हाताने पाने उलटत होते. मग हात बदलत. समासांत तर्रीचे लाल ठसे उमटत होते. रोशनीचा लघुप्रबंध चाळताना ते थबकले.

"वा! 'मँचेस्टरची भूक…' मूळ दस्तऐवज शोधला तुम्ही! असं काम आता पाह्यला भेटत नाही."

रोशनीने वाकून पाहिले. सत्तावन्नावे पान इतरांपेक्षा पांढरे होते आणि त्यावरची अक्षरे किंचित मोठी. तिची तळटीप नाहीशी झाली होती. सर ताटातला कांदा निवडण्यात गढले होते.

गप्प राहिले की प्रथम श्रेणी, एवढेच काम उरले होते. पण रोशनीने त्या पानावर बोट ठेवून परीक्षकांना सांगितले,

"सर, हे पान माझं नाही. हा अर्ज मी पाहिलेला नाही. त्या बस्त्यात तो नाहीच."

परीक्षकांनी गिरिधर सरांकडे पाहिले. सर कांद्यावरची नजर न उचलता म्हणाले, "पोरीची तब्येत बरी नाही सकाळपासून."

"बरं, बरं," परीक्षक म्हणाले. "पुढच्याले पाठवा. रस्सा थंडा होऊन राहिला."

निकालात तोंडी परीक्षेच्या रकान्यात 'अनुपस्थित' असे छापून आले.

"तू तं गेल्ती ना वं?" इंदूबाईंनी विचारले. "त्याईच्या कोंबड्याचा मसाला म्याच तं वाटला होता."

"गेले होते, मावशी."

"मंग हे काय लिहून राहिले मुडदे?"

दुसऱ्या दिवशी रोशनीने महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज दिला. परीक्षेच्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर माझी सही आहे, त्याची साक्षांकित प्रत मिळावी. सत्तावन्नावे पान बदलल्याची चौकशी व्हावी. आणि ते पान आहे तसे, डागांसह, जतन व्हावे. आवक घेणारा बाबू पाने मोजत बसला.

"मॅडम, दोन ओळींत लिहायचं ना. इतकं कोण वाचते?"

"कोणी नाही वाचणार. शिक्का मारा आणि आवक क्रमांक टाका."

त्याने शिक्का मारला, क्रमांक टाकला. रोशनीने पोच हातात घेऊन वाचली आणि खिडकीतून परत आत सरकवली.

"तारीख कालची आहे."

"एका दिवसानं काय फरक पडते?"

ती जागची हलली नाही. मागे रांग चुळबुळू लागली, तेव्हा बाबूने तोंड वाकडे करून तारीख खोडली, शेजारी आजची लिहिली, आणि तिने बोट ठेवून दाखवल्यावर त्या खाडाखोडीवर सहीही केली.