ओपल ट्रिम्बलची एकशेचाळीस मैलांची चूक

अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या लॉरेल गॅप कॉलेजात ओपल ट्रिम्बलला सगळे कोच वचकून असत, आणि गंमत म्हणजे बाईने कधी कुणावर आवाज चढवला नाही. तिच्या टेबलावर टेलिफोनच्या यादीएवढं जाड एक पुस्तक असे. कॉलेजच्या खेळाडूला काय द्यायचं आणि काय नाही, शाळेतल्या पोरीला आपल्या संघाकडे ओढताना कोचने तिच्याशी किती वेळा बोलायचं, कुठले विषय सुटले म्हणजे मैदानात उतरता येतं, सगळं त्यात होतं. ते पाळलं जातंय ना, एवढं बघणं हे ओपलचं काम. सव्वीस वर्षं तिने ते केलं.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सकाळी व्हरांड्यात बसून पेपर उघडते, तर कुठल्याशा विद्यापीठाच्या पोराला मोटारवाल्याने नवी कोरी गाडी दिलेली असते, आणि ती आताच्या नियमात बसते. आधी तिला हसू येतं. मग ती चष्मा काढून ठेवते. ते जुने दिवस तिला फार आठवतात.

काय दिवस होते ते! नाश्त्याला खेळाडूंना पाव द्यायची परवानगी होती, पण त्यावर जॅम लावला की त्याचं जेवण होई, आणि जेवण द्यायचं नव्हतं. म्हणून सरावाच्या दिवशी ओपल पहाटे येऊन जॅमच्या बरण्या कपाटात कोंडून ठेवी. मुलींच्या बास्केटबॉलचा कोच वेंडेल कर्बी म्हणे, "ओपल, स्वर्गाच्या दारात सेंट पीटर बसलाय ना, त्याला सुट्टी हवी असेल तेव्हा तुलाच बोलावतील बघ."

"आणि तू आलास की मी तुझी फोनची वही तपासेन, कुठल्या पोरीला किती फोन केलेस ते," ओपल म्हणे.

या वेंडेलची एक गोष्ट तर सगळ्या डोंगराला पाठ होती. हंगामात ज्या काळात शाळेतल्या मुलींना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटायला बंदी, नेमकं तेव्हाच तो किराणा दुकानात गेला, आणि बटाट्यांपाशी समोर उभा कोण, तर त्याला संघात हवी असलेल्या पोरीचा बाप. अशा अवचित भेटीत नुसतं 'नमस्कार' म्हणायची मुभा होती. बाप बिचारा हवापाण्याचं विचारतोय, गाईबद्दल सांगतोय, आणि वेंडेल बटाटे छातीशी धरून पाच मिनिटं 'नमस्कार, नमस्कार' करतोय. बापाला वाटलं, याला झटका आला. त्याने दुकानवाल्याकरवी डॉक्टरला फोन करवला. दुसऱ्या दिवशी वेंडेलने स्वतः ओपलच्या खोलीत येऊन ते सगळं लिहून दिलं. त्या पोरीचं नाव रोशेल गॅडिस. पुढच्या फेब्रुवारीत, शाळेतल्या मुली आपलं कॉलेज सहीनिशी कळवतात त्या सह्यांच्या दिवशी, सकाळी सात वाजता फॅक्सचं यंत्र कुरकुरत तिची सही केलेला कागद बाहेर पडला, तेव्हा वेंडेलने ओपलला उचलून गरकन फिरवलं होतं.

रोशेल चार वर्षं खेळली. उंच, अबोल, चेंडू हातात आला की मात्र कुणाच्या बापाला न जुमानणारी. आई लहानपणीच सोडून गेलेली, बाप गाई विकत गावोगाव फिरणारा, आजीने वाढवलेली. त्या डोंगरात आजीला मॅमॉ म्हणतात. रोशेलच्या तोंडी दर दोन वाक्यांनी मॅमॉ असायची.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत ती मॅमॉ गेली. रविवारी एक वाजता दफन होतं. रविवारी बस नव्हती, आणि न्यायला येणाऱ्या मामाचा ट्रक वाटेत बंद पडला. ओपल सकाळी चर्चमधून बाहेर पडली तर रोशेल मुलींच्या वसतिगृहासमोर पायरीवर बसलेली, अंगात कुणाचा तरी उसना काळा झगा.

"इथे काय करतेस गं?"

"मामाची वाट बघतेय, मिस ओपल. पण तो नाही यायचा आता."

"ऊठ. बस गाडीत."

सत्तर मैल जायचं, सत्तर मैल यायचं. वाटेत दोघी जेमतेम दहा शब्द बोलल्या असतील. पोचल्यावर रोशेल आत पळाली. ओपल शेजारणींबरोबर स्वयंपाकघरात राहिली, मक्याची भाकरी आणि घेवडा वाढायला मदत केली, आणि संध्याकाळी पोरीला परत घेऊन आली. ते जाड पुस्तक त्या दिवशी तिच्या डोक्यात कुठेही नव्हतं.

मार्चमध्ये लॉरेल गॅपच्या मुलींनी विभागाचं अजिंक्यपद मिळवलं. कॉलेजच्या ऐंशी वर्षांत पहिलं. अंतिम सामन्यात रोशेलने एकटीने एकतीस गुण केले. निळ्या कापडाचा लांबलचक झेंडा शिवून व्यायामशाळेच्या छताला लावला आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा येऊन माना वर करून तो पाहिला.

मे महिन्यात ओपलने नेहमीप्रमाणे सगळ्या कोचना बसवून नियमांची उजळणी घेतली. फळ्यापाशी उभी राहून, दर वर्षीचंच उदाहरण ती सांगत होती. "पाऊस पडतोय आणि तुम्ही मुलीला गावातल्या गावात सोडलंत, चालेल. पण तिला उचलून दुसऱ्या जिल्ह्यात तिच्या घरी नेलंत, तर इतर विद्यार्थ्यांना न मिळणारा फायदा तुम्ही तिला दिलात. त्या घटकेपासून ती खेळायला अपात्र. ते कळवून निस्तरेपर्यंत तिने जे जे सामने खेळले..."

इथे बाई थांबली. खडू हातातच राहिला. सॉफ्टबॉलच्या कोचला वाटलं चक्कर आली, तो पाणी आणायला धावला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. ज्या बाईने जॅमच्या बरण्यांना कुलूप लावलं, तिनेच मोटार काढली होती. आणि इतकी वर्षं तोंडपाठ असलेला नियम तिला तीन महिने आठवला नव्हता, कारण त्या रविवारी रोशेल तिच्या लेखी खेळाडू नव्हतीच, आजी गेलेली पोर होती.

बाकीचे गेल्यावर तिने वेंडेलला थांबवून सगळं सांगितलं. तो परत खुर्चीत बसला.

"कोणाला माहीत आहे?"

"मला आणि रोशेलला. आता तुला."

"तुझ्या गाडीला तोंड आहे का, ओपल? ती बोलणार आहे?"

"मी बोलणार आहे."

"पाच सामने जातील. अजिंक्यपद जाईल. त्या पोरीचे एकतीस गुण पुसून टाकतील. कशासाठी? मयतीला नेलं म्हणून?"

"वेंडेल, बटाट्यांचं तू मला लिहून दिलं होतंस."

"तेव्हा माझं जाणार होतं ते माझंच होतं," वेंडेल म्हणाला, आणि दार न लावता गेला.

हे त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ओपलला ते तेव्हाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागलं नाही. दोनदा तिने कबुलीचा कागद फाडला, तिसऱ्यांदा कॉलेजांच्या खेळांचे नियम करणाऱ्या मंडळाला पाठवला. रोशेलला बोलावून सांगितलं तेव्हा पोर खिडकीबाहेर बघत राहिली. "बरं, मिस ओपल," एवढंच म्हणाली. पंधरा दिवसांनी पदवी घेऊन ती ओहायोला निघून गेली.

ऑगस्टमध्ये निकाल आला. पाचही सामने रद्द. झेंडा काढायला वेंडेल स्वतः चढला. "शिडी धर," तो ओपलला म्हणाला, "एवढं तरी नियमात बसतं ना?" त्यानंतर वर्षभर चर्चमध्ये तो पलीकडच्या बाकावर बसला. मग एका सोमवारी फोनची वही घेऊन तिच्या खोलीत आला, जणू काही झालंच नव्हतं, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी येत राहिला. त्या दिवसाचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही. ओपलने रोशेलला किती पत्रं लिहायला घेतली त्याची गणती नाही. पहिल्या ओळीच्या पुढे एकही गेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात वेंडेल वारला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं होती. त्याच्या जुन्या मुली लांबलांबून आल्या होत्या. ओपल पुडिंगच्या भांड्यापाशी बसली होती, तर एक उंच, केस पिकलेली बाई समोर येऊन उभी राहिली.

"मिस ओपल, मी रोशेल."

रोशेल खुर्ची ओढून शेजारी बसली. थोडा वेळ वेंडेलच्या गोष्टी झाल्या. मग ओपलच्याने राहवेना.

"तू माझ्यावर चिडली होतीस."

"खूप वर्षं. खोटं कशाला बोलू?"

"मी गप्प बसायला हवं होतं का गं?"

"हो," रोशेल म्हणाली. "मला अजूनही वाटतं, बसायला हवं होतं. माझ्या मुलीला दाखवायला माझ्याकडे काही नाही, मिस ओपल. त्या अजिंक्यपदाच्या कुठल्या कागदावर माझं नाव नाही. पण तिला मॅमॉचं नाव ठेवलंय ना, ती सारखी विचारते, मॅमॉ कशी होती. मग मी सांगते, की पेटी बंद करायच्या आधी मी पोचले, आणि तिचे केस मी माझ्या हाताने विंचरले. मामा म्हणत होता वेळ झाली, मी म्हटलं थांबा. तेवढं मला सांगता येतं."

ओपलने पुडिंगचं भांडं बाजूला सारलं.

"आणि दुसरं असं," रोशेल म्हणाली, "आपल्याला काय करायचंय म्हणून गप्प बसणाऱ्यातल्या तुम्ही असता, तर त्या रविवारी मला पायरीवर बघून तशाच पुढे गेला असता. हे मला फार उशिरा कळलं."

ओपलने रोशेलचा हात घट्ट धरला, आणि अठ्ठावीस वर्षं अडवून धरलेलं रडू भरल्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत, रडून घेतलं.