काजळी धरलेले वासे

ऑक्टोबरच्या पहिल्याच मोठ्या बर्फात हाल्बेराची धुराची खोपी बसली. गवताच्या ढेपळांच्या भिंती, वर मातीचं छप्पर, आत वाशांना पन्नास वर्षं मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या. सकाळी पाहतो तर नुसता ढिगारा. मी शेजारी, म्हणून फावडं घेऊन गेलो.

"बघत काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "तंगड्या मिठात पडल्यात. त्यांना धूर कुठे देऊ?"

घाई तंगड्यांची नव्हती. तिचा नवरा थोरग्रीमुर तीन वर्षं वृद्धाश्रमात आहे. माणसं विसरला, आता जेवणही विसरायला लागला होता. नाताळात मात्र हाल्बेराचं धुरावलेलं मांस पुढे आलं की त्याचा हात आपसूक ताटाकडे जायचा, आणि मग पुढे महिनाभर तो नीट जेवायचा. यंदा तो नुसता हाडांचा सापळा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, असाच उपाशी राहिला तर वसंत दिसायचा नाही.

तिचा जावई एविंदुर शहरातून धूर द्यायची विजेची पोलादी पेटी घेऊन आला. "उणे वीसलाही चालते. बटण दाबायचं आणि झोपायचं."

"झोपायचंच असतं तर मेंढ्या कशाला पाळल्या असत्या?" हाल्बेरा म्हणाली. पण घेतली.

बाहेर उणे बारा. पेटी गार पडली की आतली तार तापायची. मांसाला थंड धूर हवा. ते चक्क शिजलं आणि चरबी तळाला उतरली. हाल्बेरानं दोन काप डब्यात घालून नेले. थोरग्रीमुरनं वास घेतला आणि बशी सरकवली. "दुकानातलं दिसतंय."

मग मी माझा बंद पडलेला फ्रिज दिला. थंडी आत शिरत नाही, धूर छान कोंडतो. ओलही कोंडते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मांस बुळबुळीत झालं, आंबूस वास आला. माझाच सल्ला होता, म्हणून जास्त बोलत नाही.

दोनच तंगड्या उरल्या तेव्हा हाल्बेरानं आम्हा दोघांनाही गप्प बसवलं. दुहेरी फळ्यांची खोपी ठोकायची, मधल्या फटीत सुकं गवत ठासायचं, वर ओल जायला झरोका, खाली जमिनीवर विस्तव. विस्तव अर्थात लेंडीखताचा. मेंढ्यांच्या गोठ्यात तुडवून थर बसलेला असतो, तो वसंतात वड्यांसारखा कापून आम्ही वाळवून ठेवतो. फळ्या आल्या, गवत आलं. मग तिनं विचारलं, "माझे जुने वासे कुठायत?"

एविंदुर म्हणाला, "ती कुजकी लाकडं? मी गावच्या होळीला दिली."

आमच्या गावात वर्षाच्या शेवटच्या दिवशी होळी पेटते. टाकाऊ लाकूड महिनाभर आधीपासून माळावर रचून ठेवतात. साफसफाई केली म्हणून गडी खूश होता.

"कुजकी? अरे गाढवा, खणखणीत आहेत ते! काजळी आहे ती!" हाल्बेरा ओरडली. "चव त्यांच्यात मुरलीय. मी काय नुसतं खत जाळते होय?"

मला हे खूळच वाटलं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण तिचा चेहरा बघून ट्रॅक्टर काढला. ढिगाखालून चार वासे ओढले, वरचा अख्खा ढीग कलंडला. होळीतून लाकूड परत नेणारे आम्हीच पहिले, असं दुकानात अजून चघळतात. दोन आठवडे तंगड्या त्या वाशांना टांगून होत्या आणि हाल्बेरा रोज तीनदा विस्तव बघत होती.

नाताळच्या दुपारी रस्ता निसरडा होता, म्हणून मीच तिला गाडीनं आश्रमात नेलं. उकडून थंड केलेल्या मांसाचे तिनं पातळ काप केले, बशी त्याच्यापुढे ठेवली आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली. थोरग्रीमुरनं एक उचलला. बराच वेळ चघळला. मग दुसरा, तिसरा. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बशी निम्मी झाल्यावर त्यानं एक काप तिच्याकडे सरकवला.

"घ्या ना, बाई. आमच्या हाल्बेराच्या हातचं आहे." मग दरवाज्याकडे बघून हळूच म्हणाला, "पण तिला सांगू नका हं. मोजून ठेवते ती."

हाल्बेरानं काप उचलला.

"नाही सांगत," ती म्हणाली, आणि खाल्ला.