मागच्या चाकाचा शाफ्ट

आमचे हे संशयी आहेत, हे मी लग्नाच्या आठवड्यातच ओळखलं. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, मग मला ओढायला लावायचं, मग माझ्या ओढण्यावर भरवसा नाही म्हणून पुन्हा स्वतः ओढायचं. जन्मभर कारखान्यात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, उभे राहिले, तिथे हा स्वभाव कामाला आला. अवघड जॉब आला की यांच्याकडेच यायचा. घरात मात्र असल्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे डोक्याला ताप.

निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत त्यांनी गाडी बांधायला घेतली. जुन्या जमान्यातली शर्यतीची गाडी, बिनटपाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. खरीच्या चौथाई मापाची आणि अख्खी धातूची. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून ठोकून तिचं अंग घडवलं. त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा मला बंदी. फक्त धाकटे भाऊजी दर रविवारी यायचे. यांचे पाठचे भाऊ, त्याच कारखान्यात अजून लेथवर आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. यांचं जिवाभावाचं माणूस म्हणाल तर तो एक भाऊ.

एका सोमवारी हे भिंग घेऊन स्वयंपाकघरात आले. "चल, बघ."

कारखान्यातली यांची एक सवय आहे. नट आवळला की त्यावरून खालच्या धातूपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची. नट कुणी फिरवला की रेघ तुटते. मागच्या चाकाच्या नटावरची रेघ तर शाबूत होती.

"मग बिघडलं कुठे?"

"ही रेघ माझी नाही. कुणीतरी नट काढलाय, परत आवळलाय आणि वरून नवी रेघ मारलीय."

मी भिंगातून पाहिलं. बाकीच्या रेघा जरा नागमोडी, ही एक अगदी सरळ. मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तू गेली होतीस आत?"

"मला काय करायचाय तुमचा नट? माझ्याच्यानं बरणीचं झाकण निघत नाही."

"मग उरला कोण?"

सख्ख्या भावावर संशय! माझा तिळपापड झाला. पण खरं सांगते, पुढच्या रविवारी भाऊजी आले तेव्हा माझीही नजर त्यांच्यावरच होती. कधी नव्हे ते चहा नको म्हणाले. शर्टाचा खिसा हाताने दाबून धरला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

हे मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "पॉलिश पेपर आणतो." पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने आत आले. मी मटार सोलत बसले होते, मला बोटाने गप्प राहायला सांगितलं. थोड्या वेळाने खोलीचं दार ढकललं.

"धाकट्या, खिशात काय आहे?"

भाऊजींनी बोटाएवढा पोलादी शाफ्ट टेबलावर ठेवला. मागचं चाक ज्यावर फिरतं, तो.

"हा मी केलेला."

"हो दादा. तुझाच."

"आणि गाडीत कुठला घातलास?"

भाऊजींनी मागच्या चाकाकडे पाहिलं.

"माझा चांगला माल पळवून रद्दी घालतोस? चोर आहेस तू. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस."

"अहो, काय बोलताय!" मी म्हटलं. भाऊजींनी चपला घातल्या आणि गेले. भांडले नाहीत, खुलासा केला नाही. मला तेच खटकलं. खऱ्या चोराने एवढ्यात दहा शपथा घेतल्या असत्या.

हे तावातावाने कामाला बसले. भाऊजींचा शाफ्ट काढला, आपला बसवला, नट आवळला आणि चाकाला टिचकी मारली. चाक डुलायला लागलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. तरी डुललंच. मग भाऊजींचा घातला. चाक गरगर फिरलं, पण तसूभर इकडेतिकडे झालं नाही.

"गेज लावतो," म्हणाले. केसाएवढा डुलही काट्यावर दाखवणारा डायल गेज चाकाला टेकवला आणि मला हाक मारली. "तू बघ. काटा हलतोय?"

"हलतोय."

"आता धाकट्याचा शाफ्ट लावलाय. आता?"

"थांबलाय."

गेज बिघडलाय म्हणाले, दुसरा काढला. त्यानेही तेच सांगितलं. मग खुर्चीत बसून राहिले, उजवा हात टेबलावर ठेवून. हात कापत होता. कपातला चहा बशीत सांडतो हे मी कितीतरी दिवस बघत होते. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. भाऊजींनी मात्र मागच्या रविवारी नट काढून माप घेतलं होतं, आणि भावाला कळू नये म्हणून आज गुपचूप दुसरा शाफ्ट करून आणला होता.

"चल," हे म्हणाले.

आम्ही भाऊजींच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलले नाहीत. "आता आणखी काय हरवलं, दादा?"

यांनी उजवा हात पुढे केला. "हा. हा गेला, आणि तू मला सांगितलं नाहीस."

भाऊजींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "कसं सांगू, दादा? मला लेथ याच हाताने शिकवलास."

हे तिथेच दारात रडायला लागले. लग्न झाल्यापासून मी यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींनी त्यांना धरून आत नेलं, आणि चपला काढायचं कुणालाच सुचलं नाही.